विमानाचा प्रवास : अंतर किती, वेळ किती?

नांदेडला विमानतळ झाला, २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला त्याचे रूप पालटले. तरी ‘विमानाने किती वेळ लागतो?’ या प्रश्नाचे नेमके उत्तर घरात सहसा कोणाला देता येत नाही. कोणी म्हणते दोन तास, कोणी म्हणते अख्खा दिवस. दोघांचेही थोडेथोडे खरे असते.

नांदेड-अमृतसरचेच उदाहरण घेऊ. या दोन शहरांमध्ये एअर इंडियाने डिसेंबर २०१७ मध्ये थेट विमान सुरू केले होते. मुलांच्या शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर या दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला, तर अंतर भरते सुमारे १,४१० किलोमीटर. सचखंड एक्सप्रेस मात्र आधी पश्चिमेला मनमाडपर्यंत जाते आणि मग उत्तरेची वाट धरते. म्हणून रुळाने तेच अंतर सुमारे २,००० किलोमीटर होते, आणि दीड दिवस गाडीत जातो.

मोठे विमान आकाशात ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने पावणेदोन तास पुरेत. पण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरणीला वेग कमी करणे, यात अर्धा तास जातो. म्हणून सव्वादोन तास धरावेत.

आता घरापासूनचा हिशेब मांडा. खेड्यातून एस.टी.ने नांदेड गाठायला तीन तास, विमानतळावर दोन तास आधी हजर राहणे, उड्डाणाचे सव्वादोन तास, उतरून शहरात पोचायला एक तास. झाले सव्वाआठ तास. रेल्वेने हेच एकोणचाळीस तास होतात. सुगीच्या दिवसांत जाऊन-येऊन अडीच दिवस वाचतात.

जवळच्या गावाला मात्र हा फायदा राहत नाही. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेत नांदेड-हैदराबाद विमान सुरू झाले. सरळ अंतर सुमारे २४५ किलोमीटर, उड्डाण तासाभराचे. पण आधीचे दोन तास आणि शमशाबादहून शहरात जायचा तास धरला की चार तास झाले. नांदेडहून रस्त्याने पाच-सहा तास लागतात. एवढ्यासाठी जादा पैसे मोजायचे का, हे घरात बसून ठरवावे.

परदेशी जाणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापलेली असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. मुंबईहून दहाला निघून तिथे साडेअकराला पोचलेले दिसले, तरी प्रवास तीन तासांचा असतो.

विमानसेवा सुरू होतात, बंदही पडतात. घरचे माणूस दूर गावी आजारी असेल, तर घाईत कर्ज काढून तिकीट घेण्याआधी तीन गोष्टी विचारा : विमान थेट आहे का, कोणत्या वारी आहे, आणि मध्ये बदलायचे असेल तर किती तास थांबावे लागेल. वाटेत रात्रभर थांबावे लागणार असेल, तर आधी रेल्वेचे वेळापत्रक पाहा.