लायसन्सचा अपमान केला कुणी?

स्पष्टच लिहितोय, काहींना झोंबेल.

इथे ब्रिटनमध्ये आपल्या मराठी ग्रुपवर दर महिन्याला तीच रड: "आपलं भारतीय लायसन्स हे बदलून देत नाहीत, हा सरळ वर्णभेद आहे." असं? मग झिम्बाब्वे, दक्षिण कोरिया, सिंगापूर, यूएई यांची लायसन्स कशी बदलून मिळतात? तिथले सगळे गोरे आहेत का? प्रश्न कातडीचा नाही, परीक्षेवरच्या विश्वासाचा आहे.

आणि आपल्या परीक्षेवर आपला तरी विश्वास आहे का? आरटीओत एजंटला पैसे न देता लायसन्स काढलेले किती जण आहात? हात वर करा! देशातली ३० टक्के लायसन्स बोगस आहेत, हे कुणा गोऱ्या साहेबाने नाही, खुद्द नितीन गडकरींनी मंत्री असताना सांगितलंय. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. हा सरकारी आकडा आहे. अपमान झालाच असेल तर तो आपल्या व्यवस्थेने केलाय.

इथला नियम साधा आहे. राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवा. नंतर प्रोव्हिजनल, थिअरी, प्रॅक्टिकल. फी अनुक्रमे ३४, २३ आणि ६२ पौंड. पण आपले हुशार लोक काय सांगतात? "सुट्टीला पुण्याला जा, हजार रुपये भरून नवं इंटरनॅशनल परमिट आण, आणखी एक वर्ष सुटलास!" साफ खोटं. ते परमिट म्हणजे तुमच्या लायसन्सचं भाषांतर, नवं लायसन्स नव्हे. १२ महिने त्याने पुन्हा सुरू होत नाहीत. तेराव्या महिन्यात पकडलं की विम्याचाही प्रश्न. विना विमा गाडी म्हणजे ३०० पौंड, ६ पॉइंट आणि गाडी जप्त. मागच्या सीटवर पोरं बसलेली असतात, त्यांचा तरी विचार करा.

टेस्टच्या तारखा महिनोन् महिने मिळत नाहीत, हे मात्र खरं. त्यावर जरूर भांडा, खासदाराला लिहा, मीही सही करीन. पण म्हणूनच अकराव्या महिन्यात जागं होऊ नका. आल्या आल्या प्रोव्हिजनलचा अर्ज टाका.

पंधरा वर्षं एक्स्प्रेसवेवर गाडी पळवलेल्याला 'एल'ची पाटी लावायची लाज वाटते म्हणे. बिनविम्याची गाडी चालवताना नाही वाटत?

नवीन आलेल्यांपर्यंत पोचवा.