तुंबाड घेतलं, खोत टाकला

‘तुंबाड’चा विषय निघाला की पंधरा मिनिटांच्या आत कुणीतरी विचारतंच, ‘पण चौदा वर्षांत विनायकरावाला दुसरी बाहुली न्यायचं सुचलंच नाही?’ २०१८मध्ये चित्रपट आला तेव्हा हा प्रश्न ऐकला. २०२४च्या सप्टेंबरात तो पुन्हा थेटरात लागला तेव्हाही ऐकला. रत्नागिरीत तो जरा जास्तच ऐकू येतो, कारण तुंबाड आमच्याच जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. देवीच्या गर्भात हस्तर हा देव कोंडलेला आहे. सोनं त्याच्यापाशी आहे, धान्य मात्र त्याला मिळू दिलेलं नाही. विनायक पिठाची बाहुली घेऊन दोरावरून खाली उतरतो, पिठाच्या रिंगणात उभा राहतो, भुकेला हस्तर बाहुलीवर तुटून पडला की त्याच्या लंगोटातून हाताला लागतील तेवढ्या मोहरा ओढतो आणि पळतो. शेवटी मुलगा पांडुरंग सुचवतो, पुष्कळ बाहुल्या नेऊ आणि अख्खा लंगोटच पळवू. मग जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात.

आक्षेप ठरलेले आहेत. पोटापुरतं मिळाल्यावर तो थांबत का नाही? मोहरा कुठे गुंतवत का नाही? आणि बाहुल्या वाढल्या तर हस्तरही वाढतील, हे इतक्या मुरलेल्या माणसाला कळू नये? निष्कर्ष : पटकथेला भोकं आहेत.

मला हे पटत नाही. खरं भोक कसं असतं ते बघायचं तर रिडली स्कॉटचा ‘प्रोमिथियस’ (२०१२) बघा. ज्याच्याकडे गुहेचे नकाशे काढणारी यंत्रं आहेत तोच तिथे वाट चुकतो, आणि जीवशास्त्रज्ञ म्हणवणारा माणूस फणा काढलेल्या परग्रहावरच्या जनावराशी लाडीगोडी करतो. ही माणसं आपापल्या धंद्याच्या विरुद्ध वागतात, कारण लेखकाला मुडदे हवेत. विनायक धंद्याला धरूनच वागतो. आपण त्याला व्यापारी समजतो, तिथे आपलं चुकतं. दर खेपेला जाऊन ओरबाडून आणायचं, पुण्यात उडवायचं, संपलं की पुन्हा दोर उचलायचा आणि पोराला तीच वाट शिकवायची. असा माणूस गुंतवणूक कशाला करेल? रतीब चालू आहे ना! दुसरी बाहुली सुचते ती रतीब बंद पडायची वेळ आल्यावर. या वागण्याला कोकणात जुना शब्द आहे : खोतकी.

खोत म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारा, पण प्रत्यक्षात गावाचा धनी. कुळाने शेत कसायचं, अर्धेलीच्या जमिनीत निम्मं पीक खोताच्या कोठारात टाकायचं, वर वेठ करायची ती वेगळीच. माझे पणजोबा असंच भात पिकवायचे. आमच्या घरात भुतांच्या गोष्टी कमी आणि खळ्यावरच्या जास्त. रास पडली की खोताचा माणूस यायचा. माप त्याचं, मोजणाराही तोच. उरेल ते आमचं.

म्हणून मला दिसणारं भोक वेगळ्या जागी आहे. भुताचं बीज नारायण धारपांच्या ‘आजी’मधलं, तीही मुळात स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वरून बेतलेली. गावाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून. त्या नावातलं तुंबाड घेतलं आणि खोत टाकला. खोत गेला, त्याच्यामागून कूळही गेलं. वाड्यात ‘सरकार’ म्हणवणारा म्हातारा आहे, पण तो कुणाचा सरकार? त्याच्या ताटात भात कुठून येतो? गाव जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो पाऊस, आणि तो म्हणे देवांचा शाप! आमच्याकडे पाऊस पडला नाही तर त्याला शाप म्हणतात. (वाडाही सासवडचा, घाटावरचा. आणि भात-नाचणीच्या मुलखात पीठ नेमकं कशाचं, हे विचारायचं मी सोडून दिलंय.)

‘भयपट आहे, इतिहासाचं पुस्तक नाही,’ असं मला ऐकवलं जातं. कबूल. पण १९१८, १९३३, १९४७ ही सालं चित्रपटानेच घातली आहेत, मी नाही. विनायक परत येतो त्याच १९३३ साली अलिबागजवळच्या चरीत शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायचं थांबवलं. तो संप सुमारे सहा वर्षं चालला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. १९३७च्या सप्टेंबरात आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. १० जानेवारी १९३८ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ साली. चित्रपटात मात्र स्वातंत्र्य येतं आणि वाडा सरकारजमा होणार, अशी नुसती बातमी कानावर पडते. त्यामागे कुणाची उपाशी वर्षं आहेत याचा पत्ता नाही.

राही बर्वेंच्या चित्रपटातली सर्वांत जबर कल्पना हस्तरची भूक आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. वर वाडा, खाली कोंडलेली भूक, आणि ती भूक पिठाच्या बाहुलीवर भागवून सोनं घेऊन जाणारा माणूस. खोतीचं याहून नेमकं चित्र मी पडद्यावर पाहिलेलं नाही. पण भूक दिली कुणाला? देवाच्या पोराला, आणि तीही अशी की जो भुकेला तोच राक्षस. आपला जीव खालीवर होतो तो विनायक सुटतो की नाही या काळजीने. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझाही झाला. नंतर घरी येऊन पणजोबा आठवले आणि फार ओशाळल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या भागाची घोषणा झाली आहे. बाहुल्यांचं गणित त्यात दुरुस्त होईलही. मला खळं बघायचंय.