पुनरागमन नुसत्या जिद्दीने होत नाही

'जिद्द असेल तर काहीही शक्य आहे' असे सांगणाऱ्या व्हिडिओंमध्ये मुहम्मद अली हमखास असतो. साडेतीन वर्षे रिंगबाहेर राहिला, परतला, 1974 मध्ये पुन्हा जगज्जेता झाला. पण तो बाहेर का होता आणि परतीचे दार कोणी उघडले? हे मात्र कुणी सांगत नाही.

28 एप्रिल 1967 रोजी अलीने सैन्यात भरती व्हायला नकार दिला. व्हिएतनामवरच्या युद्धात त्याला जायचे नव्हते. खटल्याचा निकाल लागण्याआधीच न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाने त्याचा परवाना रद्द केला. किताबही गेला. वय अवघे 25. अली थकून बसला नव्हता, त्याला बसवले गेले होते.

आता दुसरे पुनरागमन पाहा. जेम्स जेफ्रीज हा गोरा विजेता. जगज्जेता असताना त्याने कृष्णवर्णीय आव्हानवीरांना किताबासाठी लढूच दिले नाही आणि 1905 मध्ये अपराजित म्हणून निवृत्त झाला. 1908 मध्ये जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला, तेव्हा गोऱ्या समाजाने जेफ्रीजला शेतावरून उठवून आणले. 4 जुलै 1910 रोजी रिनो शहरात पंधराव्या फेरीत तो हरला. त्यानंतर अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली. जेफ्रीजची विश्रांती स्वतःच्या मर्जीची होती. परतीसाठी त्याला कुणाचे दार ठोठवावे लागले नाही.

अलीला ठोठवावे लागले, आणि ते एकट्याने उघडले नाही. 26 ऑक्टोबर 1970 रोजी अटलांटात त्याची लढत झाली, कारण जॉर्जिया राज्यात अडवणारा बॉक्सिंग आयोगच नव्हता आणि लिरॉय जॉन्सन या कृष्णवर्णीय स्टेट सेनेटरने आपले राजकीय वजन वापरले. कृष्णवर्णीयांच्या मतांतून आलेले वजन ते! न्यूयॉर्कमध्ये त्याच्या बाजूने एनएएसीपी लीगल डिफेन्स फंड उभा राहिला. खून, दरोडा अशा गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कितीतरी जणांना याच आयोगाने परवाने दिले होते. वकिलांनी ती जंत्रीच न्यायालयात मांडली. मग अलीलाच बंदी का? न्यायालयाने ही बंदी समतेच्या हक्काविरुद्ध ठरवली.

म्हणजे मत, संघटना आणि कायदा. बाबासाहेबांनी आपल्या हाती दिलेली साधने याहून वेगळी आहेत का?

वस्त्यांमध्ये काम करताना शिक्षण सुटलेली मुले रोज भेटतात. कुणाची शिष्यवृत्ती अडकली, कुणाच्या घरचा कमावता माणूस गेला. पुढे मुलाखतीत प्रश्न येतो, 'मध्ये गॅप का?' आणि आपणही त्यांना जिद्दीचे व्हिडिओ पाठवतो. त्यापेक्षा त्या मुलासोबत समाजकल्याण कार्यालयात जा. अर्ज कुठल्या टेबलावर अडला ते शोधा, लेखी उत्तर मागा, अशी दहा प्रकरणे एकत्र करून लढा.

जिद्द लागतेच. अलीकडे ती होती. पण दार बंद असताना फक्त जिद्दीचा उपदेश करणे म्हणजे दार बंद करणाऱ्याला मोकळे सोडणे होय. आणि दार उघडले तरी अलीची ती साडेतीन वर्षे त्याला कुणीही परत दिली नाहीत. म्हणून उशीर नको.

जय भीम!