नमुन्यातला शब्द आणि पेढीचा शब्द



आमच्या घरातली बरीच महत्त्वाची बोलणी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर होतात. १९२७ पर्यंत माहीम पार्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मैदानाला नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने शिवाजी पार्क हे नाव मिळाले. मैदानात मुलांचा क्रिकेटचा सराव चाललेला असतो, भोवती फेऱ्या मारणाऱ्यांची रांग असते आणि आमच्यासारखे गुडघे दुखणारे लोक कट्ट्यावर बसून दोन्ही गोष्टींवर मत देत असतात. दिवाळीनंतरच्या एका सायंकाळी याच कट्ट्यावर माझी पुतणी आणि पुतण्या यांच्यात जो वाद झाला, तो आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांच्या कामाचा आहे असे वाटल्याने या महिन्याच्या स्तंभात तोच विषय घेत आहे.

आमचे साड्यांचे दुकान दादरला आहे आणि थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, ते आजही गादीवर बसतात. काही वर्षांपूर्वी आम्ही दुकानाचे संकेतस्थळ करून घेतले. पुतणीने प्रत्येक पानाचे चित्र काढून दिले आणि बाहेरच्या एका व्यावसायिकाने ते पाहून संगणकाच्या भाषेत लिहिले, म्हणजे त्याचा कोड केला. चित्र पाहून कोड लिहिणे हे बरेचसे नजरेचे काम. कुंकवाचा लाल रंग विटकरी झाला. ओळींमधली जागा रोमन अक्षरांच्या हिशेबाने ठेवली गेली, त्यामुळे वरचे रफार व मात्रा आणि खालचे उकार कापले गेले. देवनागरीला वर आणि खाली दोन्हीकडे अधिक जागा लागते, हे त्या सद्गृहस्थांच्या ध्यानी आले नव्हते. "हे दोन सूत सरकवा, तो रंग गडद करा" अशा निरोपांत दोन महिने गेले.

चित्र काढणारा एक आणि ते प्रत्यक्षात उतरवणारा दुसरा, ही अडचण मुंबईला नवी नाही. जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांचे सहकारी राणूजी रावजी आरू यांनी कोरलेल्या देवनागरी अक्षरांमुळे त्या छापखान्याच्या पुस्तकांना देशभर मान मिळाला. त्या काळी अक्षराचे रूप आधी पोलादी ठशावर कोरत, ठशावरून तांब्यात साचा उठवत आणि साच्यातून शिशाचा खिळा ओतत. प्रत्येक पायरीवर मूळ रूपातले काही ना काही निसटण्याची भीती असे आणि ते निसटू न देणे हेच कारागिराचे कसब होते.

या वर्षी आम्ही संकेतस्थळ नव्याने करायचे ठरवले, तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, या वेळी मधला माणूस नको. ताईचे चित्र मी सरळ कोड लिहिणाऱ्या साहाय्यकाला जोडतो." हा साहाय्यक म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी प्रणाली. साध्या भाषेत काम सांगावे आणि तिने कोड लिहून द्यावा, असा हा प्रकार आता संगणक अभियंत्यांच्या नित्याचा झाला आहे.

जोडणी म्हणजे नेमके काय, हे मी त्याच्याकडून समजून घेतले. फिग्मासारख्या साधनात काढलेले पान आपल्याला चित्र दिसते, पण आतून ती एक खतावणी असते. कोणती चौकट कोणत्या चौकटीच्या पोटात आहे, तिची रुंदी किती, कडेची मोकळी जागा किती, रंग कोणता, अक्षरांचा आकार किती, या साऱ्याची तिथे नोंद असते. साहाय्यकाला पानाचे नुसते छायाचित्र दाखवणे म्हणजे दुरून वही दाखवून जमाखर्च विचारणे होय. तो अंदाज करील आणि काही अंदाज चुकतील. जोडणी केल्यावर मात्र त्याला मूळ वहीच वाचता येते. पुतणी एक चौकट निवडते. साहाय्यक त्या चौकटीची रचना, मापे, रंगांची ठरवलेली नावे आणि ताडून पाहण्यासाठी चित्र मागून घेतो. मग दुकानाच्या आधीच्या कोडमध्ये कोणते भाग तयार आहेत ते पाहून नवे पान लिहितो.

फिग्मा हे अमेरिकेतील आस्थापन डिलन फील्ड व इव्हान वॉलेस यांनी २०१२ मध्ये स्थापन केले. २०२२ मध्ये अडोबीने ते २० अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला होता. युरोप व ब्रिटनमधील नियामकांची संमती मिळण्याची चिन्हे दिसेनात, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये तो सोडून द्यावा लागला. चित्र आणि कोड यांच्यामधल्या जागेला व्यापारी जगात किती किंमत आहे, हे त्या आकड्यावरून कळावे.

अशी साधने आणि असे साहाय्यक यांना जोडणारी एक सामाईक पद्धत अँथ्रॉपिक या आस्थापनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली. तिचे नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. पुढे मार्च २०२५ मध्ये ओपनएआय या स्पर्धक आस्थापनानेही ती स्वीकारली आणि जून २०२५ मध्ये फिग्माने या पद्धतीची जोडणी चाचणीरूपात उपलब्ध केली. सामाईक पद्धतीचा लाभ आपल्या पिढीला वेगळा सांगायला नको. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पुढच्या वर्षीपासून किलोग्रॅमची वजने येऊ लागली आणि गावोगावच्या वेगवेगळ्या शेर-मणांचा घोळ मिटला. इथेही तसेच आहे. पाच साधने आणि चार साहाय्यक असतील, तर प्रत्येकाची प्रत्येकाशी स्वतंत्र जोडणी करायला वीस करार लागतात. सगळ्यांनी एकच माप मानले, की नऊ जणांनी एकेकदा ते शिकले म्हणजे झाले.

काम खरोखरच झपाट्याने झाले. पूर्वी दोन महिने खाल्लेली पाने चार दिवसांत उभी राहिली. लाल रंग तोच आला, कारण तो नजरेने न उचलता नोंदीतून उचलला होता. उकार शाबूत राहिले. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी कळली. पुतणीने ज्या चौकटींना 'किंमत-पट्टी', 'साडी-कार्ड' अशी नावे दिली होती, त्यांचा कोड नेटका उतरला. जिथे 'चौकट ४२७' असे साधनाने आपोआप दिलेले नाव तसेच राहिले होते, तिथे गोंधळ झाला. मुनीमजी हसून म्हणाले, "गोदामातल्या गठ्ठ्यांवर चिठ्ठी लावा असे मी चाळीस वर्षे सांगतोय."

दिवाळीच्या तीन आठवडे आधी संकेतस्थळ सुरू झाले. विक्री समाधानकारक होती. चोविसाव्या दिवशी ठाण्याहून एक बाई दुकानात आल्या. हातात आमचीच पिशवी आणि घडी न मोडलेली साडी. म्हणाल्या, "ही परत घ्या आणि पैसे द्या."

आमच्या दुकानाचा रिवाज सात दिवसांत बदलून देण्याचा. रोख परत करण्याचा नाही. गल्ल्यावरच्या मुलाने तसे नम्रपणे सांगितले. बाईंनी फोन पुढे केला. आमच्याच पानावर, पुतणीने निवडलेल्या सुंदर अक्षरांत लिहिले होते : '३० दिवसांत पूर्ण पैसे परत.'

दादांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि म्हणाले, "ताई, बसा. पाणी घ्या." मग मुनीमजींना रक्कम मोजून द्यायला सांगितले.

त्या सायंकाळी कट्ट्यावर वाद झाला तो याचाच. पुतणी म्हणाली, "अरे, ती ओळ नमुन्याची होती! तिथे काहीतरी मजकूर दिसावा म्हणून मी टाकली होती." पुतण्या म्हणाला, "तुझ्या चित्रात होते तेच पानावर आले. एक अक्षर बदललेले नाही. मला वाटले, घरात ठरले असेल." दोघांचेही म्हणणे खरे होते. साहाय्यकालाही दोष देता येत नव्हता, कारण त्याने वहीत होते ते इमानाने उतरवले होते. चूक प्रत्येकाकडे थोडी आणि पुरती कोणाकडेच नाही, अशी ती स्थिती होती.

मी त्यावर बराच विचार केला. पूर्वीच्या त्या व्यावसायिकाने आमचे दोन महिने घेतले, रंग बिघडवला, उकार कापले. पण त्याचे रोज तीन-चार फोन येत. "ही किंमत खरी की नमुन्याची? माल संपला तर या जागी काय दाखवायचे? साडीचे नाव दोन ओळींचे झाले तर?" त्या प्रश्नांना आम्ही तेव्हा कटकट म्हणत होतो. दोन महिन्यांच्या त्या दिरंगाईतच आमची चौकशी दडलेली होती. जोडणीने दिरंगाई काढून टाकली आणि तिच्याबरोबर ते प्रश्नही गेले. चित्रात एका साडीची एक अवस्था असते. दुकानात हजार साड्यांच्या हजार अवस्था असतात. संपलेला माल, फसलेला भरणा, चुकलेला पत्ता या गोष्टी कोणी आवडीने चित्रात काढत नाही.

शिवाय हा केवळ रिवाजाचा प्रश्न नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-वाणिज्य नियमांप्रमाणे माल परत घेणे, बदलून देणे आणि पैसे परत करणे यांविषयीची माहिती ऑनलाइन विक्रेत्याने ग्राहकापुढे ठेवावी लागते. पानावर जे लिहिले, ते आपण लिहिले. ते कोणत्या साधनाने उतरवले याच्याशी ग्राहकाला कर्तव्य नाही.

या अनुभवानंतर आम्ही घरात काही नियम केले आहेत. ज्यांची मुले असे काम करीत आहेत, त्या वाचकांनी त्यांचा जरूर विचार करावा.

पहिला नियम नमुन्याच्या मजकुराचा. किंमत, मुदत, सवलत, हमी यांच्या जागी खरा वाटेल असा मजकूर चित्रात टाकायचाच नाही. तिथे ठळकपणे 'नमुना' असेच लिहायचे, म्हणजे चुकून पुढे गेले तरी कोणाच्याही नजरेत भरेल.

दुसरा नियम असा की, किमती आणि अटी चित्रातून कोडमध्ये जाणारच नाहीत. त्यांची एक स्वतंत्र यादी आहे आणि ती मुनीमजींच्या संमतीखेरीज बदलत नाही. चित्राने रूप ठरवावे, यादीने शब्द ठरवावा.

तिसरा नियम किल्ल्यांचा. नव्या गुमास्त्याला आपण पहिल्या दिवशी तिजोरीची किल्ली देत नाही. या साहाय्यकाला चित्रे वाचण्याचा अधिकार दिला आहे. चालू संकेतस्थळ आणि ग्राहकांची माहिती यांवर त्याचा हात पोहोचत नाही. तो लिहितो ते आधी वेगळ्या प्रतीत जाते आणि पुतण्याने वाचून मान्य केल्यावरच पुढे सरकते. प्रवेशाचे संकेतशब्द चित्रात किंवा कोडमध्ये लिहून ठेवायचे नाहीत, हेही त्यातच आले.

चौथा नियम पुतण्याने स्वतः सुचवला. बाहेरून आलेली चित्रे परस्पर जोडायची नाहीत. अशा साहाय्यकाला वाचायचा मजकूर आणि पाळायचा हुकूम यांतला भेद दर वेळी कळतोच असे नाही. कोणी चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एखादी सूचना लपवली, तर तो ती मालकाची आज्ञा समजून पाळू शकतो. मालाच्या गठ्ठ्यात कोणीतरी 'येणाऱ्यास रोख द्यावी' अशी चिठ्ठी सरकवावी आणि नवख्या गुमास्त्याने द्यावी, तशातलाच हा प्रकार.

पाचवा नियम दादांचा आहे आणि तो सर्वांत साधा आहे. नवे पान सुरू करण्यापूर्वी घरातल्या अशा एका माणसाने ते मोठ्याने वाचायचे, ज्याचा त्या कामाशी काही संबंध नव्हता. सध्या हे काम आमच्या वहिनींकडे आहे. पहिल्याच वाचनात त्यांनी विचारले, "घरपोच मोफत असे लिहिलेय, ते मुंबईपुरते की सगळीकडे?" पुतण्या आणि पुतणी एकमेकांकडे पाहू लागली. उत्तर कोणाकडेच नव्हते.

ज्यांना प्रश्न पडला असेल त्यांच्यासाठी हिशेब सांगून टाकतो. त्या ओळीच्या भरवशावर आणखी पाच साड्या परत आल्या. ओळ दुरुस्त होण्यापूर्वी घेतलेल्या प्रत्येक साडीचे पैसे दादांनी तीस दिवसांच्या हिशेबाने परत केले. पुतणी रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, माझ्या पगारातून कापा." दादा म्हणाले, "तोटा खात्यात लिहिलाय, तुझ्या नावावर नाही. पुढच्या वेळी लिहिताना ग्राहक समोर बसलाय असे समजून लिही."

ठाण्याच्या त्या बाई संक्रांतीच्या आधी पुन्हा दुकानात आल्या. या वेळी बरोबर त्यांची जाऊ होती. दोघींनी काळ्या साड्या घेतल्या. पैसे देताना त्यांनी मुदत विचारली. दादांनी सात दिवस सांगितले आणि बिलावर तसे स्वतःच्या हाताने लिहून दिले.