इथे बसण्यास मनाई नाही

सार्वजनिक बागेची माझी व्याख्या अगदी साधी आहे. जिथे "तुम्ही इथे कशाला बसलात?" असं कुणी विचारत नाही, ती सार्वजनिक बाग. कारंजी, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट हे सगळं नंतर. या व्याख्येत आपल्याकडच्या किती बागा बसतात ते तुम्हीच मोजा. आमच्या गावातली पालिकेची बाग सकाळी अकराला बंद व्हायची ती चारला उघडायची. म्हणजे ऐन मे महिन्यात, सावली हवी असते तेव्हा, सावली कुलपात! शिवाय फाटकाशी बोर्ड: हिरवळीवर बसू नये, चेंडू खेळू नये, खाद्यपदार्थ आणू नयेत. मग माणसानं करावं काय? गोल गोल चालावं आणि घरी जावं.

हा विषय डोक्यात घोळायला लागला तो टोकियोतल्या उएनो पार्कमुळे. कामानिमित्त तिकडे होतो तेव्हा एका शनिवारी, यादीत आहे म्हणून बघून टाकू, असं म्हणत गेलो आणि मग जातच राहिलो. सव्वाशे एकरांहून मोठी जागा. स्टेशनच्या 'पार्क एक्झिट'मधून बाहेर पडलं की समोर पार्कच. तिकीट नाही. आत प्राणिसंग्रहालय आहे, अर्धा डझन म्युझियम्स आहेत, त्यांना तिकीट आहे. (त्यातलं एक ल कॉर्बुझिएचं आहे बरं का, आपल्या चंदीगडवाल्याचं! २०१६ साली दोन्ही एकाच जागतिक वारसा नोंदीत आली.) पण बाकावर बसून डबा खाणारे आजोबा, पिवळ्या टोप्या घातलेली बालवाडीची रांग, चेंडू उडवून दाखवणारा कलाकार, कमळांनी भरलेल्या तळ्याकाठी नुसतीच उभी असलेली माणसं, यांना कुणी काही विचारत नाही. मीही तासन्‌तास बसायचो. भाषा येत नसलेल्या शहरात, एक पैसा खर्च न करता आपण उपरे नाही असं वाटणं ही लहान गोष्ट नाही.

आता ही जागा मोकळी राहिली कशी, ते ऐकण्यासारखं आहे. उएनोची टेकडी म्हणजे मुळात तोकुगावा शोगुनांच्या कानएइजी या देवळाचं प्रचंड आवार. १८६८ मध्ये शोगुनांचे पाठीराखे आणि नवीन सरकारचं सैन्य यांची इथे लढाई झाली, देवळाचा बराचसा भाग जळाला आणि राजधानीत एवढी मोठी जागा रिकामी झाली. रिकामी जागा दिसली की सरकारच्या डोक्यात काय येणार? बांधकाम! तिथे वैद्यकीय शाळा आणि हॉस्पिटल बांधायचं घाटत होतं. आता हॉस्पिटलला कोण नाही म्हणेल? पण डॉ. बॉडुइन नावाच्या डच डॉक्टरनं सांगितलं, हॉस्पिटल दुसरीकडे बांधा, इथली झाडं ठेवा आणि लोकांसाठी बाग करा. डॉक्टरनंच हॉस्पिटलला नको म्हणावं, हे आपल्याला तर जाम आवडलं! १८७३ मध्ये जपाननं पहिल्यांदा सार्वजनिक बागा जाहीर केल्या, त्यात उएनो होतं. पुढे ही जागा राजघराण्याकडे गेली आणि १९२४ मध्ये टोकियो शहराला भेट म्हणून मिळाली. म्हणून अधिकृत नाव 'उएनो ओंशी कोएन', म्हणजे राजानं दिलेली बाग. डॉक्टरसाहेबांचा अर्धपुतळाही तिथे बसवला, पण चुकून त्यांच्या भावाच्या फोटोवरून! २००६ मध्ये तो बदलला. :)

मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक वर्ष पुरे आहे, १९२३. त्या वर्षी एक सप्टेंबरला मोठा भूकंप झाला, शहर पेटलं आणि लोक लाखोंनी इथे धावत आले. साइगो ताकामोरीचा पुतळा (हा कुत्र्याला घेऊन उभा असलेला जाडजूड गृहस्थ, तुम्ही फोटोत पाहिला असेल) हरवलेल्या माणसांच्या चिठ्ठ्यांनी भरून गेला होता. त्या दिवशी कुणी फाटकाची वेळ विचारली नसणार.

आणि हत्तींची गोष्ट. १९४३ मध्ये, बॉम्बहल्ल्यात मोठे प्राणी सुटतील या भीतीनं इथल्या प्राणिसंग्रहालयातले प्राणी मारायचा हुकूम निघाला. तीन हत्तींना उपाशी ठेवून मारलं. युद्धानंतर टोकियोच्या मुलांनी हत्ती हवा म्हणून नेहरूंना पत्रं लिहिली आणि १९४९ मध्ये भारतातून हत्तीण आली, तिचं नाव इंदिरा. मुलांनी दुसऱ्या देशाच्या पंतप्रधानाकडे हत्ती मागावा, याचा अर्थ मला असा लागतो की त्यांना ती बाग आपली वाटत होती. दुसऱ्याच्या बागेसाठी कोण एवढी खटपट करतं?

असो. जपानचं कौतुक ऐकून तुम्ही कंटाळायच्या आत दुसरी बाजू सांगतो. वसंतात साकुरा फुलतो तेव्हा ऑफिसातली मंडळी निळ्या ताडपत्र्या अंथरून तिथे खातात, पितात, गातात. तशाच निळ्या ताडपत्र्यांच्या झोपड्या बांधून नव्वदच्या मंदीनंतर शेकडो बेघर माणसं इथे राहत होती. यू मिरी या लेखिकेची २०१४ ची एक कादंबरी याच पार्कवर आहे. तिच्या इंग्रजी भाषांतराला, 'टोकियो उएनो स्टेशन'ला, २०२० मध्ये अमेरिकेचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. त्यातला माणूस १९६४ च्या ऑलिंपिकच्या बांधकामावर राबलेला मजूर आहे. राजघराण्यातलं कुणी म्युझियमला येणार असलं की झोपड्या उचलायला लावायचे, हेही त्यात येतं. राजानं लोकांना दिलेली बाग, आणि राजा येणार म्हणून लोकांना उठवायचं! टोकियोत कित्येक बाकांच्या मधोमध दांडी असते. बसा, पण आडवं पडू नका. म्हणजे माझ्या व्याख्येत उएनोही पूर्ण बसत नाही. मी परदेशी इंजिनिअर, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. मला कोण कशाला विचारेल? बाग किती सार्वजनिक आहे हे माझ्यावरून नाही, त्या मजुरावरून ठरवायला हवं.

आपल्याकडे हे बोललं की ठरलेलं उत्तर येतं: "लोक घाण करतात हो, म्हणून बंद ठेवावं लागतं." हनामीच्या रविवारी कचऱ्याचे ढीग मी उएनोतही पाहिलेत. पण त्यावर उपाय म्हणून बागेला कुलूप नाही लावत, तात्पुरत्या कचराकुंड्या लावतात. आपण झाडूवाल्याऐवजी शिट्टीवाला वॉचमन नेमतो, तो जोडप्यांना उठवतो, पोरांचा चेंडू जप्त करतो, आणि कचरा तसाच राहतो.

आणि हे आपल्या रक्तातच नाही वगैरे म्हणू नका प्लीज. १९२५ पासून दादरला शिवाजी पार्क आहे. त्याच्या कट्ट्यावर बसायला कुणाची परवानगी लागते? क्रिकेट, प्रेम, राजकारण, पेन्शनीतल्या गप्पा, सगळं एकाच कट्ट्यावर चालतं. तिथे बसणाऱ्यांनी ती जागा सांभाळली, कारण ती त्यांना बसू देत होती.

हे आज लिहायचं कारण म्हणजे महालक्ष्मी रेसकोर्स. २०२४ मध्ये तिथल्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक बागेसाठी मुंबई महापालिकेकडे द्यायचं ठरलं. म्हणजे जवळजवळ उएनोएवढी जागा, तीही मुंबईत! त्यावर चर्चा होणार ती डिझाइनची, पार्किंगची, 'जागतिक दर्जा'ची. माझे प्रश्न वेगळे आहेत. दुपारी दोन वाजता ती उघडी असेल का? आत जायला तिकीट असेल का? आणि डिलिव्हरीच्या दोन फेऱ्यांमध्ये एखादा पोरगा हेल्मेट उशाला घेऊन झाडाखाली अर्धा तास आडवा झाला, तर त्याला कुणी उठवेल का? मुंबईकरांनो, निदान एवढं तरी आत्ताच विचारून ठेवा. एकदा फाटक बसलं की ते काढायला फार वर्षं लागतात.