आमचा माणूस कुठल्या जेलात आहे, हे कळायला ओळख का लागते?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका मावशीच्या मुलाला पोलिसांनी रात्री घरातून उचलून नेले. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. सकाळी ठाण्यात गेल्या तर उत्तर मिळाले, "इथे नाही, कोर्टात नेलंय." कोर्टात पोहोचल्या तोवर मुलाला एमसीआर मिळून गाडी निघून गेली होती. कुठल्या जेलला नेले? शिपाई म्हणाला, वकिलाला विचारा. वकील कोण, हे मावशींना माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी जवळच्या कारागृहाच्या गेटवर गेल्या. तिथे सांगितले, "आमच्याकडे जागा नाही, नवीन पोरं दुसरीकडे वळवलीत." दुसरीकडे म्हणजे कुठे, ते सांगणे त्या माणसाचे काम नव्हते.

चौथ्या दिवशी पत्ता लागला. तोही कसा? आमच्या एका कार्यकर्त्याच्या ओळखीच्या वकिलाच्या कारकुनाची एका हवालदाराशी ओळख होती म्हणून. मावशींची चार दिवसांची मजुरी बुडाली, एक घरकाम कायमचे सुटले.

मावशींनी मागितले होते एवढेच : माझा मुलगा कुठे आहे? आणि ही माहिती सरकारकडे नव्हती असे नाही. ठाण्याच्या स्टेशन डायरीत ती होती. अटक मेमोत होती. रिमांड अर्जात होती. कोर्टाच्या रोजनाम्यात होती. जेल वॉरंटवर होती. कारागृहाच्या प्रवेश नोंदवहीत आणि संगणकातही होती. सात ठिकाणी सरकारने तिच्या मुलाचे नाव लिहिले होते. फक्त ज्या बाईने त्याला जन्म दिला, तिला सांगायला एकही खिडकी नव्हती.

म्हणून मी म्हणतो, बंदिवानांच्या नोंदींचा प्रश्न हा कारकुनी प्रश्न नाही. तो आपल्या हक्काचा प्रश्न आहे. आणि बाबासाहेबांच्या अनुयायांनी तो चळवळीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला हवा.

कायदा काय म्हणतो?

संविधानाचे कलम २२ आपण सगळे सांगतो. अटकेचे कारण कळण्याचा हक्क, वकिलाचा हक्क, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याचे बंधन. पण हे कलम संविधानात कसे आले, ते फार कमी लोकांना माहीत असते. कलम २१ मधून 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' ही व्यापक हमी वगळली गेली, तेव्हा त्याची थोडी तरी भरपाई व्हावी म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत ही तरतूद मांडली ती बाबासाहेबांनी. पोलिसाच्या हाती सापडलेला माणूस जगाच्या नजरेआड जाऊ नये, हा तिचा गाभा आहे.

पुढे डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये अकरा बंधने घातली. नातेवाइकाला कळवा, अटक मेमो करा, आणि अटकेची व कोठडीच्या जागेची माहिती बारा तासांत नियंत्रण कक्षाला देऊन ती तिथल्या फलकावर लावा. आज १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३७ तेच सांगते. प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात एक अधिकारी नेमायचा, अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ठळकपणे लावायचे. हा अधिकारी सहायक उपनिरीक्षकाच्या खालचा चालत नाही. कलम ४८ प्रमाणे नातेवाइकाला किंवा अटक झालेला सांगेल त्या व्यक्तीला कळवणे बंधनकारक आहे.

आता वाचकांनी आपापल्या ठाण्यात जाऊन हा फलक शोधावा. मी पाहिलेल्या ठाण्यांत सुविचार होते, गणेशोत्सवाच्या सूचना होत्या. कलम ३७ चा फलक असलाच तर कपाटामागे होता.

पोर्टल आहे, पण कोणासाठी?

काही मित्र म्हणतील, आता सगळे ऑनलाइन आहे की! खरे आहे. ई-प्रिझन्स प्रणाली आहे, तिच्यावर ई-मुलाकातीचा अर्ज भरता येतो. पण त्या अर्जात आधी राज्य निवडा, मग कारागृह निवडा, मग बंदिवानाचे आणि त्याच्या वडिलांचे नाव भरा. म्हणजे ज्याला आधीच पत्ता माहीत आहे, त्याच्यासाठी ते दार उघडते. मावशींचा प्रश्न दाराबाहेरच राहतो.

ई-कोर्ट्सचे संकेतस्थळ त्यापेक्षा उपयोगी आहे. तिथे एफआयआर क्रमांक, ठाणे आणि वर्ष टाकून खटला सापडतो. पण नावावरून शोधायला गेलात की आपल्या लोकांची खरी पंचाईत होते. नोंद बहुतेक ठिकाणी इंग्रजी अक्षरांत. सोनवणे हे नाव तीन तऱ्हांनी लिहिले जाते. पारधी, कैकाडी, वडार समाजात पवार, काळे, जाधव, शिंदे ही आडनावे शेकड्याने. वडिलांचे नाव ठाणे अंमलदाराला जसे ऐकू आले तसे लिहिलेले. नोंद असते, पण सापडत नाही.

नोंद कोणाची, नोंद कोणासाठी?

हे राज्य नोंदी ठेवण्यात कच्चे आहे, असे कोणी समजू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींची नोंदवही केली. माणसाने गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नव्हता, तो जन्मला कुठे एवढेच पुरेसे होते. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत माणसांची हजेरी घेतली जाई. तो कायदा १९५२ साली गेला. पण 'सराईत' या शब्दाच्या आड ती नोंदवही अजून जिवंत आहे.

विशेष म्हणजे या वसाहतींचा कारभार पाहणारे अधिकारी स्टार्ट हेच पुढे मुंबई सरकारच्या एका समितीचे अध्यक्ष झाले. अस्पृश्य आणि आदिवासी समाजाच्या स्थितीची चौकशी करणारी ही समिती १९२८ साली नेमली गेली, आणि तिचे एक सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आपल्या माणसांची स्थिती आकड्यांत, पुराव्यांत, सरकारी कागदावर आणायची, ही बाबासाहेबांची पद्धत होती. एक नोंद माणसाला जखडण्यासाठी असते, दुसरी राज्याला जाब विचारण्यासाठी. हा फरक न ओळखता 'नोंद हवी की नको' असा वाद घालणे व्यर्थ आहे.

हा फरक ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालानंतर तर फारच महत्त्वाचा झाला आहे. जेलात जात पाहून झाडू हाती द्यायचा की स्वयंपाकघरात पाठवायचे, ही राज्यांच्या कारागृह नियमावल्यांतली मनुस्मृती सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. बंदिवानांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढून टाकायला सांगितला. निकाल ऐतिहासिक आहे, यात शंका नाही. पण लगेच काहींनी सूर लावला की आता तुरुंगातली जात मोजूच नका.

थांबा! तुरुंगाधिकाऱ्याच्या हातातला जातीचा रकाना आणि जनतेच्या हातातली जातीची आकडेवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने माणसाला संडास साफ करायला लावले. दुसरीने आपल्याला सत्य कळले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१९ च्या आकड्यांप्रमाणे देशाच्या लोकसंख्येत १६.६ टक्के असलेल्या अनुसूचित जाती शिक्षा झालेल्या बंद्यांत २१.७ टक्के आणि कच्च्या कैद्यांत २१ टक्के होत्या. आदिवासी लोकसंख्येत ८.६ टक्के, शिक्षाबंद्यांत १३.६ टक्के. मुस्लिम लोकसंख्येत १४.२ टक्के, कच्च्या कैद्यांत १८.७ टक्के. ही मोजणी बंद झाली तर आपण कशाच्या आधारावर बोलणार? न्यायालयानेही नंतर स्पष्ट केले की या आदेशाचा राष्ट्रीय आकडेवारी गोळा करण्यावर परिणाम होणार नाही. हे वाक्य प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावे.

आणि जे आकडे मिळतात तेही किती उशिरा! २०२२ सालाचा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला. त्यात ५,७३,२२० बंदिवान, त्यांपैकी ४,३४,३०२ म्हणजे चारांतले तीन कच्चे कैदी. कायद्याच्या नजरेत निर्दोष असलेली ही माणसे. अहवाल आपल्या हाती येईपर्यंत त्यांच्यातले किती सुटले, किती कुजले, कोण सांगणार?

मग सगळ्यांची नावे जगासमोर टांगायची का?

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. अमेरिकेत बंदिवानाचे नाव टाकले की तो कुठल्या तुरुंगात आहे ते संगणकावर कळते. संघीय तुरुंगांच्या यादीत तर १९८२ पासूनच्या नोंदी शोधता येतात. पण तिथेच अनेक स्थानिक जेल अटक होताच माणसाचा फोटो झळकवतात, आणि ते फोटो उचलून 'काढायचे असतील तर पैसे द्या' असा धंदा करणारी संकेतस्थळेही निघाली. पुढे निर्दोष सुटला तरी काळ्या माणसाचा चेहरा आरोपी म्हणून फिरत राहतो. आपल्याकडे असे झाले तर पारध्याच्या पोराला कोण काम देईल? दलित वस्तीतल्या मुलाला कोण खोली देईल?

ब्रिटनमध्ये वेगळी रीत आहे. तुम्ही विचारणा करायची, तुरुंग प्रशासन बंदिवानाला विचारते, त्याची संमती असेल तर ठिकाण कळवते. म्हणजे माहितीचा मालक बंदिवान राहतो. आपल्याला याच दिशेने जावे लागेल. माझे सूत्र साधे आहे : माणसाची माहिती त्याच्या माणसांना, संख्येची माहिती सगळ्या जनतेला.

आज नेमके उलट चालले आहे. पोलीस पत्रकार परिषदेत तोंडाला काळा कपडा बांधलेली पोरे उभी करतात, नाव-गाव वर्तमानपत्रात येते, आणि आईला मात्र जेलचा पत्ता 'गोपनीय' म्हणून नाकारतात. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल करून 'वैयक्तिक माहिती' नाकारणे आणखी सोपे केले आहे. खासगीपणाचा हक्क माणसासाठी असतो, साहेबाच्या फायलीसाठी नाही.

नोंद म्हणजे जीव

हे सगळे कागदी वाटत असेल तर परभणी आठवा. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर पोलिसांनी धरपकड केली. वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांची नोंद होती. त्याच्या आईने लढा सोडला नाही. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. घोषणा आवश्यक होत्याच. पण कोर्टात उभा राहिला तो कागद. कोणाला कधी पकडले, कधी तपासले, कुठे ठेवले, अंगावर काय होते, या नोंदी नसत्या तर काय झाले असते, याचा विचार करा.

आपण काय करायचे?

पहिले, अटक होताच ठाण्यातून तीन गोष्टी लिहून घ्या : एफआयआर क्रमांक, कलमे, आणि कोणत्या कोर्टात हजर करणार. एफआयआर संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच दिला आहे. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे तिथे सापडतात. या क्रमांकावरून ई-कोर्ट्सवर खटल्याचा सोळा अंकी सीएनआर क्रमांक मिळतो. तो वस्तीतल्या वहीत टिपून ठेवा.

दुसरे, पत्ता देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि वर ठळक लिहा : 'कलम ७(१), जीवित व स्वातंत्र्याशी संबंधित'. अशा माहितीला तीस दिवस नाहीत, ४८ तास आहेत. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर, साधारण दीडशे शब्दांत बसवा. सोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला लेखी कळवा. वकील मोफत मिळतो, ती मेहेरबानी नाही.

तिसरे, तारखा मोजा. पहिल्याच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे त्याला सोडायचे असते, इतरांना निम्म्या काळानंतर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असतील तर हा लाभ मिळत नाही. मुदत भरली की कोर्टाला लेखी कळवणे हे अधीक्षकाचे काम आहे. पण तारीख आपल्या वहीत नसेल तर त्याला आठवण कोण करून देणार? जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. हेही विचारा.

आणि शासनाकडे मागण्या करा. प्रत्येक कारागृहाच्या गेटवर विचारणा खिडकी हवी, जिथे नातेवाइकाला ओळखपत्र दाखवून, बंदिवानाच्या संमतीने, मराठीत उत्तर मिळेल. दर महिन्याला प्रत्येक कारागृहाची संख्या जाहीर करा : किती बंदिवान, किती कच्चे, किती जणांना जामीन मिळूनही आत, किती मृत्यू, आणि त्यात अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटके, मुस्लिम किती. विमुक्त-भटक्यांना इतर प्रवर्गात गडप करू नका. १८७१ मध्ये त्यांची वेगळी वही करता आली, तर आज न्यायासाठी वेगळा रकाना का करता येत नाही?

मावशींचा मुलगा आता जामिनावर बाहेर आहे. त्या परवा आमच्या अभ्यासिकेत आल्या आणि एक जुनी वही मागून घेतली. शेजारच्या गल्लीतल्या एका पोराला पकडले होते. मावशींना लिहिता येत नाही. त्यांनी नातीला बसवले आणि सांगितले, "आधी नंबर लिही, मग कोर्टाचं नाव लिही."

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा यातले पहिले पाऊल कधी कधी एवढेच असते. प्रत्येक वस्तीत अशी एक वही असलीच पाहिजे.

जय भीम!