कळफलकाचा छंद

जिल्ह्याचे ठिकाण असल्यामुळे अलिबागेत जिल्हाधिकारी कचेरी आणि न्यायालय यांच्या आसपास खरेदीखते, प्रतिज्ञापत्रे आणि अर्ज यांचा मजकूर दिवसभर कोणाच्या तरी बोटांखालून उतरत असतो. आणि तरीही ती बोटे ज्या जिनसेवर राबतात तिच्या गुणदोषांची चिकित्सा करणे हा सुखवस्तूंचा चोचला होय, असा समज दृढ आहे. यांत्रिक कळफलकांच्या छंदाची बाजू मला म्हणूनच आग्रहाने मांडावयाची आहे.

स्वस्त कळफलकात बटणांखाली रबराचा एकच पापुद्रा असतो आणि बटण जवळजवळ तळाशी टेकल्यावाचून अक्षर उमटत नाही. यांत्रिक कळफलकात प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्विच व स्वतंत्र स्प्रिंग असून, चार मिलिमीटरांच्या प्रवासात सुमारे दोन मिलिमीटरांवरच अक्षराची नोंद होते. जर्मनीच्या चेरी कंपनीच्या स्विचांपैकी निळा टकटक वाजतो, तपकिरी बोटाला हलकीशी अडखळ जाणवून देतो, तर लाल विनाअडथळा खाली जातो.

परंतु या छंदाचे खरे मोल मला दुरुस्तीत दिसते. १९५५ साली गोदरेजने स्वदेशी टंकलेखन यंत्र सिद्ध केले, तेव्हापासून २००९च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबेपर्यंत, अक्षर अडकले म्हणून यंत्र कोणी मोडीत काढीत नसे. ते उघडून, पुसून, तेल देऊन पुन्हा कामास लावीत. येथल्या खाऱ्या दमट हवेत धातूला गंज चढावयास वेळ लागत नाही, आणि एक स्विच बिघडला तर तेवढाच उपटून दुसरा बसविता येणे ही सोय अशा गावात चैन म्हणता येणार नाही. रंगीबेरंगी बटणांच्या नित्य खरेदीतच ज्याचा छंद संपतो, त्याच्याविषयी मात्र मला आस्था नाही.

आणखी एक उणीव मनाला लागते. जपानी अक्षरांची बटणे हौसेने मागविणारे आपले तरुण देवनागरी बटणांचा आग्रह धरीत नाहीत. वास्तविक स्वर डाव्या हाताखाली व व्यंजने बहुतांशी उजव्या हाताखाली ठेवणारी इन्स्क्रिप्टची रचना १९९१ सालीच भारतीय मानकात समाविष्ट झाली, तर जुन्या टंकलेखकांच्या बोटांत रेमिंग्टनची रचना मुरलेली आहे. कागदी स्टिकर चिकटवून भागविण्याऐवजी या दोन्ही रचनांची बटणे महाराष्ट्रातील एखाद्या कारखानदाराने घडविण्याची तजवीज करावी, आणि त्यांवरील अक्षर वरून छापलेले नसून दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकने बटणाच्या अंगातच ओतलेले असावे, म्हणजे वर्षानुवर्षांच्या वापरानेही ते पुसले जाणार नाही.